बुधवारची साडेनऊची मीटिंग: पाचपैकी साडेतीन

आधी हिशेब सांगते. फी शून्य. वेळ दर बुधवारी रात्री साडेनऊ ते अकरा. जास्तीत जास्त बारा बायका आणि चालवणाऱ्या दोघी. कॅमेरा बंद ठेवला तर चालतो, खोटं नाव चालतं, दीड तास गप्प बसलात तरी चालतं. रेकॉर्डिंग चालत नाही. मी चौदा महिने बसतेय, त्यात अकरा बुधवार बुडवले. पाचपैकी साडेतीन चांदण्या देते.

लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या आणि आता मोठ्या झालेल्या बायकांचा हा ऑनलाइन गट आहे. गटाचं नाव लिहीत नाही. एक तर त्यांची अटच आहे की नाव आणि लिंक उघड्यावर टाकायची नाही. आणि दुसरं, मी पुढं तक्रारी करणार आहे. माझंही नाव लिहीत नाही. लातुरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, ड्रेस, पिको-फॉल. लातुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत, त्यातून मला कुणी शोधून दाखवावं.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती, तेव्हा भूकंप झाला. मी नऊ वर्षांची. आमच्या घरातलं माणूस गेलं नाही, घर गेलं. पुढची दोन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली. एका शेडात दोन कुटुंबं, वर पाहुणेरावळे. जे झालं ते त्या शेडात झालं, पाहुण्यातल्याच एका माणसाकडून. त्याच्यापेक्षा जास्त इथं सांगत नाही. गटातही वर्षभर सांगितलं नव्हतं. पण एक गोष्ट कुणाला सांगून समजली नसती आणि तिथं समजली, ती अशी. ज्या गावात घरटी एक-दोन माणसं गाडली गेली, तिथं नऊ वर्षांच्या पोरीनं आईला जाऊन काय सांगायचं? आईची सख्खी बहीण गेली होती. आई सकाळ-संध्याकाळ रडायची. मला वाटायचं, रडायचा नंबर माझा नाही.

पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. आम्हालाही सिमेंटचं घर मिळालं. भूकंपग्रस्ताचा दाखला मिळाला, तो अजून पेटीत आहे. दुसऱ्या गोष्टीचा दाखला कुठं मिळत नाही. तो माणूस वारला तेव्हा दहाव्याला मी पंगतीत वाढायला होते. बुंदी वाढली.

सगळं विसरल्यासारखं झालं होतं. मग माझी मुलगी नऊ वर्षांची झाली आणि मला झोप येईना. ती शेजारी खेळायला गेली की माझ्या पोटात कळ यायची. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. तीन महिने खाल्ल्या. एका रात्री मोबाइलवर मराठीत लिहून शोधलं. काय लिहिलं ते आठवतंय: ‘लहानपणी झालेलं आता का आठवतं’.

त्या शोधात पहिला जो गट सापडला त्याला एकही चांदणी देणार नाही. व्हॉट्सॲपवरचा होता. दोनशेच्या वर माणसं, बाया आणि पुरुष एकत्र, कोण चालवतंय कुणाला ठाऊक नाही. सकाळी शुभ सकाळची फुलं, दुपारी कुणाचं तरी पाच पानी दुःख, त्याखाली जोडलेले हात आणि तीस अंगठे. आणि व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या रात्री एका नंबरवरून ‘जेवण झालं का’, तिसऱ्या रात्री ‘झोपलीस का’. मी गट सोडला, नंबर ब्लॉक केला. आता खरी गंमत ऐका. माझा तो नंबर दुकानाच्या पाटीवर आहे. पिशव्यांवर छापलाय. बदलणार कसा? महिनाभर अनोळखी फोन आला की मी मशीन थांबवायची.

म्हणून कुणी माझं ऐकणार असेल तर पहिलं हे ऐका: दुकानाचा, शाळेचा, नवऱ्याच्या नावावरचा नंबर अशा गटात द्यायचा नाही. मी दुसरं सिम घेतलं आणि मुलीचा जुना, काच तडकलेला मोबाइल घेतला. हा बुधवारचा गट निरोपांसाठी टेलिग्राम वापरतो, तिथं सेटिंगमध्ये जाऊन नंबर कुणालाच दिसणार नाही असं करता येतं. मीटिंग झूमवर. जोडताना आपलं नाव बदलायचं. मी अबोली. आमच्यात एक शेवंती आहे, एक जाई, एक ‘पुरणपोळी’सुद्धा आहे.

आत घ्यायच्या आधी त्यांनी फोनवर वीस मिनिटं बोलून घेतलं. मला वाटलं, माझं काय झालं ते विचारतील. मी तयारी करून ठेवली होती, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसले होते. त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते असं: बोलताना घरात कोण असतं? मीटिंगनंतर लगेच झोपता का? लई त्रास झाला तर रात्री अकरा वाजता हाक मारावी असं एक तरी माणूस आहे का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? शेवटच्या प्रश्नाला मी थांबले, तेव्हा त्या बाईंनी टेलि-मानसचा १४४१६ नंबर लिहून घ्यायला लावला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, २०२२पासूनची, दिवसरात्र चालते. पुढं एकदा मी तिथं फोन लावलासुद्धा, भाषा विचारतात, मराठीत बोलायला मिळालं.

आणि एक अट त्यांनी आधीच सांगितली. तुमचं जुनं काहीही सांगा, ते गटातून बाहेर जाणार नाही. पण एखादं लेकरू आत्ता धोक्यात आहे असं तुमच्या बोलण्यातून कळलं, तर आम्हाला कळवावं लागेल. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो पोक्सो कायदा आहे, त्याचं कलम १९ तसं सांगतं आणि माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. तो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ला लागू झाला, माझ्या शेडाच्या वेळी तो नव्हताच. पण अट मला आवडली. मी स्वतः गिऱ्हाइकाला कापड हातात घ्यायच्या आधी सांगते की हे आटणार, हे रंग सोडणार. नंतर भांडण नको.

मीटिंग कशी चालते ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती लई कंटाळवाणी वाटेल. सुरुवातीला नियम वाचतात. दर वेळी तेच, शब्दही तेच. मग एकेकीला पाच मिनिटं. पाच झाली की घंटी वाजते, खरी पितळेची. आपला नंबर आला आणि बोलायचं नसेल तर ‘पुढं’ म्हणायचं. एकजण बोलत असताना दुसरीनं काही म्हणायचं नाही. ‘अगं बाई’ नाही, ‘माझ्याबी तसंच झालं’ नाही, सल्ला तर नाहीच नाही. बोलून झाल्यावर चालवणारी बाई फक्त ‘ऐकलं’ म्हणते आणि थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. मग दुसरी.

मला ही पद्धत नवी नव्हती. माझे धाकटे दीर दारू सोडण्याच्या मीटिंगांना जायचे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या. ती चळवळ अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केली, असं ते सांगायचे. सतरंजीवर गोल बसायचं, एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. डॉक्टर नाही, महाराज नाही. आम्ही घरातले हसायचो, नुसतं बोलून दारू सुटती होय? दीर सहा वर्षं प्यायले नाहीत. त्यामुळं घंटी वाजली तेव्हा मला हसू आलं नाही.

तरी पहिले दोन महिने तो ‘ऐकलं’ मला बोचायचा. आमच्याकडं दुःख ऐकलं की गळ्यात पडून रडायची रीत आहे. मयताला गेलं की लांबूनच सूर लावायचा. आणि इथं एक बाई सांगते की ती लग्नाच्या पहिल्या रात्री का पळून आली, आणि अकराजणी गप्प. मग हळूहळू लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं वाक्य मध्येच उचलून घेत नव्हतं. माझ्या दुसऱ्या मावशीला एकदा, लग्नानंतर, अर्धं सांगितलं होतं. तिनं तिसऱ्या वाक्याला माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, माय.’ मावशी वाईट नव्हती. पण माझी पाच मिनिटं तिनं होऊ दिली नाहीत.

आता भाषेचं. यावर मी जास्त बोलणार आहे, वाचणाऱ्यानं कंटाळा करू नये.

मधल्या काळात एका इंग्रजी गटात भाचीच्या मदतीनं दोनदा बसले. बाहेरच्या देशातला, दारूवाल्यांसारख्याच बारा पायऱ्यांचा. तिथल्या बाया फार सभ्य. पण मला सांगायचं होतं पत्र्याच्या शेडातलं, आणि माझ्याकडं शब्द होते ‘व्हेरी बॅड’. हिंदीत सांगायला गेलं की सिनेमातलं वाटायचं. म्हणून मराठी गट मिळाला तेव्हा वाटलं, आता सुटलो. तर मराठीतही अडलंच. शरीराच्या त्या भागांना आपल्याकडं एक शिवी असते नाहीतर एक संस्कृत शब्द. मध्ये काही नाही. डॉक्टरपुढं आपण ‘खाली’ म्हणतो, ‘लघवीची जागा’ म्हणतो. स्वतःला काय म्हणायचं तेही ठरेना. पेपरात ‘पीडिता’ लिहितात, तो शब्द मला नको, त्यात बाई कायम आडवी पडलेलीच दिसते. चालवणाऱ्या ताई ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, म्हणजे त्यातून तगलेली, तो शब्द आमच्या शेवंतीच्या जिभेवर ‘सर्व्हर’ होतो, आणि सर्व्हर डाऊन झाला की ती मीटिंगला येत नाही. आम्ही आपसात ‘आपल्यातली’ म्हणतो. नवी बाई आली की विचारतो, आपल्यातली आहे का?

चालवणाऱ्या दोघींचं मराठी पुण्याकडचं. स्वच्छ, इस्त्री केलेलं. सुरुवातीला मीही तसंच बोलायचे, शाळेतल्या बाईंपुढं बोलतात तसं. सातव्या-आठव्या महिन्यात एकदा मुलीवरून बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, ‘लई तरास होऊ लालाय बघा मला.’ स्वतःच दचकले. मीटिंग संपल्यावर शेवंतीचा टेलिग्रामवर निरोप: ‘होऊ लालाय म्हणलीस. लातूरची का नांदेडची गं?’

बघा आता. नाव खोटं, सिम नवं, कॅमेरा बंद, आणि ‘लालाय’नं जिल्हा सांगितला. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. आपल्याकडं ‘कुठली गं’ नंतर ‘कुणाची गं’ येतं, त्यानंतर आडनाव, आणि तिसऱ्या प्रश्नाला सोयरिक निघते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कुणाची मामी कुणाची नणंद निघेल सांगता येत नाही. मी ताईंना कळवलं. त्यांनी पुढच्या बुधवारी नियमात एक ओळ वाढवली की बोलीवरून गाव विचारायचं नाही. शेवंतीनं माफी मागितली. म्हणाली, ‘मला नुसतं बरं वाटलं गं, आपली बोली ऐकून.’ मला राग आला होता तो तिथं गेला. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं. त्या दिवसानंतर शेडाचं जे काय थोडं सांगितलं ते मी लातुरी बोलीतच सांगितलं.

शेवंती बीडकडची, हे तिनंच आपणहून सांगितलंय आणि लिहायला परवानगी दिलीय. ऊसतोडीला जाते. दिवाळी झाली की नवराबायकोचा कोयता कर्नाटकात, येतात ते उन्हाळ्यात. त्या पाच महिन्यांत ती फडाच्या कडेला मोबाइल उंच धरून बसते. नेट आलं तर आवाज येतो, नाहीतर फक्त तिचं नाव पडद्यावर येऊन जातं. रात्री गाडी भरायला हाक आली की मधेच जाते. मोबाइल नवऱ्याचा, म्हणून प्रत्येक वेळी ॲप काढून टाकते आणि पुढच्या बुधवारी परत टाकते, त्यात तिचा डेटा संपतो. मी गटाला तीनदा सुचवलं की साध्या फोनवरून नंबर लावून बसता येईल अशी सोय करा. ‘बघू’ म्हणाले. ही कापलेली अर्धी चांदणी.

दुसरी पूर्ण चांदणी कापली ती त्या पाच आठवड्यांसाठी. एक नवी बाई आली होती. मीटिंग चालू असताना तिनं तिघींना खाजगी चॅटवर विचारलं, गाव कोणतं, मालक काय करतात. होस्टला हे खाजगी चॅट बंद ठेवता येतं, यांनी ठेवलं नव्हतं. नंतर कळलं की पडद्याचा फोटो काढून कुणाला तरी गेला होता. त्यात नावं खोटीच होती, पण एकीनं चुकून खरं ठेवलं होतं. गटानं काय केलं? मीटिंगा बंद केल्या आणि ‘तांत्रिक कारणामुळे’ असा एक ओळीचा निरोप टाकला. ज्यांच्या आयुष्यात कुणीतरी काहीतरी झाकलंय त्यांनाच ‘तांत्रिक कारण’ सांगायचं! पाच आठवडे मी बुधवारी साडेनऊला नुसती बसून राहायचे. त्यात दिवाळी आली, ज्या सणाला आपल्यातल्या निम्म्याजणींना माहेरी त्याच माणसाला ओवाळायला जावं लागतं. तेव्हाच गट बंद.

पुन्हा सुरू झाला तेव्हा मात्र त्यांनी सगळं उघड सांगितलं. अत्याचार झालेल्या बाईची ओळख पटेल असं काही छापणं किंवा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, आधी दंडसंहितेचं २२८-अ कलम होतं, १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं ७२वं, दोन वर्षांपर्यंत कैद. खाजगी चॅट तेव्हापासून बंद, दारात थांबवून एकेकीला आत घेतात, सगळ्या आल्या की कुलूप. हे आधी केलं असतं तर मी साडेचार दिल्या असत्या.

बारीकसारीक कुरकुरी आणखी आहेत. ‘ट्रिगर’, ‘बाउंड्री’, ‘सेल्फ केअर’ हे शब्द फार. एकदा सांगितलं, मीटिंगनंतर छान गरम पाण्याचा शॉवर घ्या. एप्रिल महिना, लातूर. २०१६ला आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे ताईंना माहीत नसावं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, त्यात रात्री अकराला शॉवर म्हणजे सासूबाई उठून बसतील.

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मी रोज वापरते. घाबरं झालं, अंग थंड पडलं, मन त्या शेडात गेलं की पाच दिसणाऱ्या वस्तू मोजायच्या, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज, दोन वास, एक चव. मी दुकानात करते. बॉबिन, कात्री, टेप, खडू, गिऱ्हाइकाचा जांभळा खण. हाताला अस्तर, हुकांची डबी, मशीनचं चाक, टाचण्यांची उशी. आवाज मशीनचा, रिक्षाचा, समोरच्या ट्युशनमधल्या पोरांचा. वास मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा. चवीला चहा. चहापर्यंत येईतो मी परत २०२५मध्ये आलेली असते.

एक बुधवार मात्र विसरणार नाही. एक बाई, तिचं टोपणनावही लिहीत नाही, पाच मिनिटं अगदी शांत बोलत होती आणि शेवटी म्हणाली की तो आता भावाकडं राहतो, भावाला सहा वर्षांची पोर आहे. घंटी वाजली नाही. ‘ऐकलं’ कुणी म्हणलं नाही. एक ताई तिला वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या, म्हणजे झूमवरच्या, आणि लेकरांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, कळवायचं ठरलं. पुढचे तीन बुधवार ती आली नाही. गटात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, विश्वासानं बोललेलं बाहेर नेलं, आता कोण बोलेल? मी म्हणलं, माझ्या वेळी शेडात असं कुणी नेलं असतं तर? नंतर ती परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पोर आजीकडं आहे, एवढंच म्हणाली.

गट काय करू शकत नाही हेही लिहायला पाहिजे. हा उपचार नाही. ताई समुपदेशक आहेत, पण गटात त्या उपचार करत नाहीत, तसं स्पष्ट सांगतात. केस करायची असेल तर वकील लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, ही माहिती मला चाळीस वर्षांत कुणी दिली नव्हती, ती या गटात मिळाली. राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३पासून आहे, बलात्कार, बालकांवरचे अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्यांना मदत देते, तीही याच प्राधिकरणातून. माझ्यासारख्या १९९३वालीला त्यात काही नाही. तातडीचं असेल तर ११२, बायकांसाठी १८१. बुधवारची वाट बघत बसू नये.

पुरुषांना गटात घेत नाहीत. ते मला पटतं, पण एक टोचणी राहते. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानं तेरा राज्यांत पाहणी केली होती, बारा हजारांवर मुलांशी बोलून. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. त्या शेडात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान माझा भाऊही झोपायचा. मी त्याला कधी विचारलं नाही. पुरुषांचा गट दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा तीन-चार जणांवर बंद पडला, असं ताई म्हणाल्या.

घरी मी बचत गटाची ऑनलाइन मीटिंग सांगितलीय. मालक कधीकधी विचारतात, ‘किती जमले?’ मी म्हणते, ‘बारा.’ दुकान नऊला बंद करायचं, शटर अर्धं ओढायचं, आतला एक दिवा ठेवायचा, इअरफोन घालायचा. हात रिकामे राहवत नाहीत म्हणून मीटिंगभर हुक लावते. हुक लावताना सुई टोचली तर कळतं की ऐकण्यात लक्ष होतं.

आता हे परीक्षणात बसतं की नाही माहीत नाही, पण लिहिते. वीस वर्षं बायकांची मापं घेतेय. टेप छातीवरून फिरवताना काही बाया श्वास धरतात. लाजणारी वेगळी, गुदगुल्या होणारी वेगळी. ही तिसरी असते, ती तिथं नसतेच, नजर भिंतीवर. आधी मला वाटायचं, स्वभाव असेल. आता मी टेप उचलायच्या आधी विचारते, ‘माप घेऊ का, का नमुन्याचं ब्लाऊज देता?’ निम्म्यांहून जास्त जणी माप द्यायला तयार असतात. पण एक गिऱ्हाईक आहे, पंचविशीची, नर्सिंगला आहे, ती कायम नमुन्याचंच देते. तो नमुना आता तिला मुंढ्यात घट्ट होतो, हे मलाही दिसतंय आणि तिलाही.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, ‘आक्का, बुधवारी दुकान लवकर का हो बंद करता? मी साडेनऊला आले होते, आत दिवा होता.’

मी म्हणलं, ‘मीटिंग असती.’

‘कसली?’

तोंडात आलं होतं. पण गटाचा नियम, शिवाय मला काय ठाऊक तिचं काय आहे. मी म्हणलं, ‘बचत गटाची.’

‘मला घ्याल का?’ म्हणाली. मी खडूनं कापडावर रेघ मारत राहिले. तिचं हिरवं ब्लाऊज शुक्रवारी द्यायचंय. ताईंना विचारून ठेवलंय की गिऱ्हाइकाला कसं सांगतात. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.